सांगलीहून पोर्तुगालला जावं का? एक भट्टी, एक ड्रॉइंग टेबल आणि आठ वर्षांची लेक

मातीकाम

नमस्कार मंडळी. गेलं वर्षभर आमच्या घरात हाच विषय चालू आहे, म्हणून धागा काढतेय. अनुभव असलेल्यांनी लिहाच, पण ज्यांचं नुसतं मत आहे त्यांचंही वाचायला आवडेल.

मी सिरॅमिकचं काम करते, स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजलेली घट्ट भांडी). नवरा लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो, बरंचसं परदेशी प्रकाशकांसाठी. राहतो विश्रामबागेत, भाड्याने. माझी भट्टी मात्र गावभागात, सासऱ्यांच्या जुन्या घराच्या मागच्या पडवीत. २०१९ च्या महापुरात ती पडवी पाण्याखाली गेली, २०२१ ला परत गेली. तेव्हापासून जुलै उजाडला की कोयनेतून किती विसर्ग आहे आणि आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलंय, हे बघतच दिवस जातो. पाऊस वाढला की भट्टीचा कंट्रोलर आणि कॉइल काढून माडीवर न्यायच्या. म्हणजे पावसाळ्यात काम बंद.

उरलेल्या महिन्यांत मे महिन्याची मुलांची शिबिरं, दिवाळीआधी पणत्या आणि मग, नंतर पुण्या-बेंगळुरूची प्रदर्शनं. स्टॉलचं भाडं, जाण्यायेण्याचा खर्च, वाटेत फुटलेला माल वजा केला की हातात थोडं उरतं. ज्या कामासाठी मी हे सगळं मांडलंय त्या कामाला वेळच मिळत नाही.

आमच्या ओळखीचं एक जोडपं (ती कुंभारकाम करणारी, तो छायाचित्रकार) पोर्तुगालमधल्या काल्दास दा राइन्या नावाच्या गावी स्थायिक झालंय. तिथे चार जणांनी मिळून घेतलेली कार्यशाळा आहे आणि भट्टी शेल्फच्या हिशेबाने भाड्याने मिळते. तिघांचं महिन्याला दीड हजार युरोत भागतं म्हणतात.

आता कोणी म्हणेल, सांगलीत याच्या निम्म्यात राहता येतं. खरंय. सांगलीशी तुलना केली तर पोर्तुगाल महागच. पण पुण्यात तीन फेजचं कनेक्शन असलेली जागा, भट्टी, राहायचं घर आणि मुलीची शाळा हा हिशेब मांडला तेव्हा आकडा जवळपास तिथेच गेला. तितकाच खर्च करायचा तर जिथे शंभराहून जास्त वर्षं मातीचंच काम चाललंय अशा गावी का जाऊ नये?

प्रश्न: व्हिसा कोणता? कर किती? मुलीच्या भाषेचं काय? आणि तिथे गेल्यावर खरंच कामाला वेळ मिळतो, की कागदपत्रांतच वर्षं जातात?

वारणेचा_वारा

वाचतोय. जावा की ताई! चाळिशीच्या आत जे करायचं ते करून घ्यावं. तिकडं भडंग मिळत नाही एवढं सोडलं तर बाकी सगळं होतंय.

तेजोकाठ

मी मूळ सातारची, यादोगोपाळ पेठेतली. बरीच वर्षं पोर्तुगालमध्ये आहे आणि काल्दासपासून तासाभरावर राहते, म्हणून सविस्तर लिहिते.

गावाची निवड उत्तम आहे. लिस्बनच्या उत्तरेला साधारण ९० किलोमीटर. राफाएल बोर्दालो पिन्येइरो या व्यंगचित्रकाराने १८८४ मध्ये तिथे मातीकामाचा कारखाना काढला. कोबीच्या पानांसारखी हिरवी भांडी तुम्ही कुठेतरी पाहिली असतील, ती तिथलीच. गावात कला-महाविद्यालय आहे, त्यामुळे दरवर्षी नवी मुलं येतात आणि त्यातली काही तिथेच राहतात. माती, ग्लेझचे (भांड्यावरच्या काचेसारख्या मुलाम्याचे) ऑक्साइड, भट्टी दुरुस्त करणारा माणूस, सगळं हाताशी. शेजारीच ओबिदुश नावाचं तटबंदीतलं गाव आहे, पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध. आपल्या भिलारसारखं, फक्त स्ट्रॉबेरीऐवजी चेरीची दारू.

आता दुसरी बाजू. भाडी वाढलीत, खूप वाढलीत. स्वस्त पोर्तुगालच्या गोष्टी ऐकून सगळं युरोप आणि अमेरिका इकडे आली. घरमालक परदेशी माणसाकडे, त्यातून नोकरी नसलेल्या कलाकाराकडे, काही महिन्यांचं भाडं आगाऊ मागतात.

आणि हिवाळा! पोर्तुगालला ऊन असतं हे खरं, पण ते घराबाहेर. जुन्या घरांना हीटिंग नसतं, भिंती दगडी, आणि डिसेंबर ते मार्च अटलांटिकची ओल आत येऊन बसते. तुमच्या मिस्टरांचे कागद कपाटात ठेवले तर बुरशी धरेल. माती वाळायला सांगलीत दोन दिवस लागत असतील तर इथे जानेवारीत आठवडा धरा. वीज महाग आहे, १२०० अंशांच्या वरची भाजणी खिशाला लागते. म्हणूनच लोक भट्टी वाटून घेतात.

मुलीची काळजी करू नका. सरकारी शाळेत फी नाही आणि आठ वर्षांचं मूल वर्षाच्या आत पोर्तुगीज बोलायला लागतं. अडतं ते आईवडिलांचं. कागदपत्रांबद्दल खरं सांगायचं तर वेळ जातो. परवान्याच्या नूतनीकरणाला मला इतका उशीर झाला की मधल्या काळात भारतात येताच आलं नाही. हे मनाशी धरूनच निघा.

हिशेबनीस

सनदी लेखापाल आहे, सांगलीतच. कलाकारांची कामं करतो म्हणून लिहितो.

पोर्तुगालचे दोन व्हिसा लोकांच्या तोंडी असतात. डी-७ हा घरबसल्या उत्पन्न असणाऱ्यांसाठी: पेन्शन, घरभाडं, लाभांश, रॉयल्टी. तिथल्या किमान वेतनाइतकं उत्पन्न लागतं. २०२५ मध्ये ते महिना ८७० युरो होतं. जोडीदारासाठी त्याच्या निम्मं, मुलासाठी ३० टक्के. तिघांचे झाले १,५६६ युरो. पण चित्राचे एकरकमी मिळालेले पैसे हे मेहनतान्यात जातात, डी-७ मध्ये बसत नाहीत. पुस्तकाच्या खपावर रॉयल्टी येत असेल तर तेवढीच धरता येईल.

डी-८ हा दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी, ऑक्टोबर २०२२ पासून. त्याला किमान वेतनाच्या चौपट, म्हणजे २०२५ च्या हिशेबाने ३,४८० युरो महिन्याला दाखवावे लागतात. मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढून सलग इतकं दाखवणं सोपं नाही. तिसरा मार्ग डी-२, स्वतंत्र व्यावसायिकांसाठी. त्यात तिथल्या कामाचा करार किंवा व्यवसायाचा आराखडा मागतात. ताईंच्या बाबतीत मी आधी तोच तपासेन. आकडे दर जानेवारीला बदलतात.

कर: वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात की जगभरच्या उत्पन्नावर तिथे कर. नव्याने येणाऱ्यांना मिळायची ती प्रसिद्ध सवलत २०२४ पासून नव्या लोकांसाठी बंद झाली. जुने व्हिडिओ बघून हिशेब करू नका. शिवाय सामाजिक सुरक्षेचा हप्ता असतो: सेवा देणाऱ्या स्वतंत्र व्यावसायिकाच्या ७० टक्के उत्पन्नावर २१.४ टक्के. पहिले बारा महिने माफ असतो.

इकडचं: एका आर्थिक वर्षात माणशी दहा लाखांपर्यंत पैसे बाहेर पाठवले तर टीसीएस (पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते तो कर) नाही (एप्रिल २०२५ पासून), त्यापुढच्या रकमेवर २० टक्के कापतात. तो विवरणपत्र भरून परत मिळतो, पण पैसे अडकतात. आणि सांगलीकरांनी हमखास विचारायचा प्रश्न: अनिवासी झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित आलेली ठेवता येते.

विवाह नोंदणी, जन्मदाखले, पोलिस दाखला यांवर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) लागेल. ते आत्ताच सुरू करा, नावांची स्पेलिंगं सारखी नसतील तर तिथेच दोन महिने जातात.

मातीकाम

तेजोकाठताई, हिशेबनीसदादा, इतकं नेमकं कोणीच सांगितलं नव्हतं. शेती आहे, सासऱ्यांची द्राक्षबाग तासगावकडे. नवी घ्यायची ऐपतही नाही आणि विचारही नाही, पण आहे ती राहते हे ऐकून सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

ओलीचा मुद्दा कोणत्याच व्हिडिओत नव्हता.

फिरस्ता_माणदेशी

थायलंडचा विचार केलाय का? जुलै २०२४ पासून डीटीव्ही नावाचा व्हिसा आहे. पाच वर्षांचा, एका वेळी १८० दिवस राहता येतं, खात्यात पाच लाख बाथ दाखवावे लागतात, जोडीदार आणि मूल सोबत. चियांग माईला कलाकारांचा मोठा गोतावळा आहे. जेवण स्वस्त, लोक मायाळू. फक्त फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर असतो, तेव्हा लहान मुलाला घेऊन तिथे राहू नये. आणि थाई गिऱ्हाइकाचं काम करता येत नाही, बाहेरचंच.

मातीकाम

तिथल्या बाजारात माझे मग विकता येणार नसतील तर नवऱ्याचं भागेल, माझं नाही. दोघांपैकी एकाचंच काम पुढे गेलं तर हे सगळं कशाला?

अजिंक्यतारा

माझं मत वेगळं आहे आणि तुमच्याबद्दल आस्था आहे म्हणूनच लिहितो.

पडवी पुरात जाते म्हणून देश सोडायचा? पूररेषेच्या बाहेर या. साताऱ्यापासून तासाभरात औंध आहे, वाई आहे, भुईंज आहे. गावातल्या रिकाम्या घरांना कुलूप लावून मालकांना कंटाळा आलाय. औंधाला तर राजानेच कलाकारांना बोलावून घेतलं होतं. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. सातवळेकर पंडितजी लाहोर सोडून तिथे येऊन राहिले, तेही मुळात चित्रकारच. १९३८ साली टेकडीवर म्युझियम बांधलं, त्यात रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प आहे. लंडनच्या शिल्पकाराचं काम खटाव तालुक्यात येऊन बसलं!

आणखी एक. १९७१ मध्ये डेबोरा स्मिथ आणि रे मीकर हे अमेरिकन जोडपं पुदुच्चेरीला आलं आणि गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. आज देशातले कितीतरी नावाजलेले स्टुडिओ-कुंभार त्यांच्या हाताखालून गेलेले आहेत. ते तिकडून इकडे आले आणि उभं केलं. तुम्ही इथल्याच आहात, भाषा येते, जमीन आहे. तुम्ही का नाही?

नाट्यपंढरी

अजिंक्यतारांना पूर्ण अनुमोदन. मी नाटकवाला, माझ्यासाठी हा प्रश्नच येत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत सीतास्वयंवर उभं केलं ते इथल्या माणसांसमोर. माझं वाक्य ज्याला कळतं तो प्रेक्षक मला पोर्तुगालात कुठून मिळणार? चित्र-शिल्पवाल्यांचं बरं असतं, त्यांना दुभाषा लागत नाही.

पण म्हणून ते सुखी होतात असं नाही. शिल्पकार सदानंद बाकरे १९५१ ला लंडनला गेले आणि शेवटी कोकणात मुरुडला येऊन राहिले. चित्रकार रझा १९५० ला फ्रान्सला गेले, म्हातारपणी दिल्लीत परतले.

स्प्रेकाठची_शाई

@नाट्यपंढरी, काका, उदाहरणं अर्धीच दिलीत. रझांनी साठ वर्षं तिकडे काम केलं, मग परतले. साठ वर्षं! अकोल्याचे चित्रकार अंबादास नॉर्वेत ऑस्लोला गेले आणि २०१२ ला तिथेच वारले. कोणी परत येतं, कोणी येत नाही. बघायचं ते मधल्या वर्षांत काय हातून झालं.

शिवाय ती पिढी स्वस्ताई शोधत गेली नव्हती. पॅरिस-लंडन तेव्हाही महागच. शिष्यवृत्तीवर गेले, संग्रहालयं बघायला गेले, बरोबरीच्या चित्रकारांच्या संगतीला गेले. त्यामुळे मातीकाम, तुमच्या पोस्टमध्ये मला स्वस्ताईपेक्षा ते शेवटचंच जास्त दिसतंय.

मी बर्लिनला आहे, चित्रं काढते, माहेर मिरजेचं. इथे कलाकारांना स्वतंत्र व्यावसायिकाचा परवाना मिळतो. (४५ वर्षांवरच्यांना म्हातारपणाची तरतूद दाखवावी लागते.) आणि इथली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे कलाकारांचा सामाजिक विमा. १९८३ पासून आहे. आरोग्य, पेन्शन आणि शुश्रूषा या तिन्हींचा हप्ता कलाकाराने अर्धाच भरायचा. उरलेला अर्धा सरकार आणि कलाकारांकडून कामं करून घेणारे प्रकाशक, जाहिरातवाले वगैरे मिळून भरतात. वर्षाला ३,९०० युरो कलेतून मिळवले तरी पात्र, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांना पहिली तीन वर्षं तीही अट नाही. आजारी पडल्यावर मी हातातलं काम सोडून झोपू शकते, हे सुख भारतात कधी मिळालं नव्हतं.

घरभाडं मात्र विचारू नका. घर मिळेपर्यंत मी चार ठिकाणी पोटभाडेकरू म्हणून राहिले. तीन माणसं आणि एक भट्टी घेऊन बर्लिनला या असं मी सांगणार नाही.

आजीचा_बटवा

मुलींनो, सगळ्यांचं वाचलं. माझा मुलगा-सून कॅनडात आहेत, चित्रकार नाहीत, पण आईबापाला काय, सारखंच. जाऊ नका असं मी कधी म्हटलं नाही, तुम्हालाही म्हणत नाही. पण निघण्याआधी एक करा. सासूबाईंच्या दवाखान्याचं, बँकेचं, औषधांचं कोण बघणार, त्या माणसाचं नाव ठरवा आणि त्याच्याशी स्पष्ट बोला. "सगळे आहेत की इथे" यावर सोडू नका. मिरज जवळ आहे, डॉक्टर उत्तम आहेत, पण रात्री दोन वाजता रिक्षात बसवणारं माणूस ठरलेलं लागतं.

विटेकर_गलाई

मी विट्याचा. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेलीत, हे सांगलीकरांना सांगायला नको. आजोबा दुष्काळात तमिळनाडूत गेले. भाषा येत नव्हती, हातात मूस आणि फुंकणी. आज आमचं दुकान तिथं हाय, पोरं तमिळ फाडफाड बोलत्यात आन् जत्रेला सगळं खानदान गावाकडं येतंय.

आम्हाला कुणी इचारलं नाही की तुम्ही माती सोडून का चालला. पोटासाठी गेलं की लोक समजून घेत्यात. कलेसाठी निघालं की प्रश्न. मला हे पटत नाही. ताई, तुमचं काम हेच तुमचं पोट हाय. जावा. फक्त आमच्या म्हाताऱ्यांनी एक नियम पाळला, तो सांगतो: आधी एकटा जायचा, जम बसला की बिऱ्हाड.

वारणेचा_वारा

विटेकर, मनातलं बोललात. +१

तून_आणि_भोपळा

मिरजेत आमचं घराणं सतार-तंबोरे बनवणारं. आमच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बाहेरचे पत्रकार विचारत होते की हे मिरजेतच का होतं? लाकूड तुनीचं, ते बाहेरून येतं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. मिरजेत पिकत काहीच नाही. मिरजेत आहे ती गल्ली. भोपळा एक जण कापतो, नक्षी दुसरा करतो, पॉलिश तिसऱ्याकडे, जवारी (तारेखालची घोडी घासून सूर जुळवणं) लावणारे हात वेगळेच. एखाद्याचं काम अडलं तर तो चार पावलांवर जाऊन विचारतो. आणि गाणारे-वाजवणारे स्वतः येऊन बसतात, हे बसत नाही म्हणतात, त्यातून कारागीर शिकतो. अब्दुल करीम खाँसाहेब किराण्याचे, पण मिरजेत राहिले, तेव्हापासून हा राबता आहे. उरुसाला दर्ग्यात गाणं होतं तेव्हा आमचं वाद्य कसं बोलतंय हे आम्ही तिथे बसून ऐकतो.

हे लिहायचं कारण, अजिंक्यतारा म्हणतात तसं औंधाला किंवा वाईला घर मिळेल. स्वस्त मिळेल, मोठं मिळेल. पण ताई तिथे एकट्याच असणार. ग्लेझ फाटलं तर विचारायला जाणार कुठे? मी गल्लीतला माणूस आहे. मला विचाराल तर जिथे त्यांच्या कामाची गल्ली आहे तिथे त्यांनी जावं, मग ती पोर्तुगालात का असेना.

अजिंक्यतारा

@तून_आणि_भोपळा, तुमचा मुद्दा जोरकस आहे. पण गल्ली कोणीतरी सुरू करतंच ना? पुदुच्चेरीला १९७१ मध्ये कुठे होती?

मातीकाम

अजिंक्यतारादादा, तुमचा प्रश्न टाळत नाही. प्रयत्न केला. शिबिराला दरवर्षी उत्साहाने मुलं येतात, मोठी माणसंही येतात. चाकावर बसतात, फोटो काढतात, आनंदाने परत जातात. मनापासून शिकणाऱ्या दोघी होत्या. एकीचं लग्न होऊन ती नाशिकला गेली, दुसरी पुण्यात इंटिरियरच्या नोकरीला लागली. त्यांचं काही चुकलं नाही, या कामावर घर चालवून दाखवणारं त्यांच्यासमोर कोणी नव्हतं, मीसुद्धा नाही. पुदुच्चेरीच्या त्या दोघांचं काम मी जवळून पाहिलंय, फार आदर आहे. पण ते इथे आले तेव्हा काय करायचं ते शिकून आले होते. मला अजून शिकायचंय. मीठ टाकून केलेली भाजणी मी फक्त पुस्तकात वाचलीय, एकदा तरी कोणाच्या तरी शेजारी उभं राहून करायचीय.

तून-भोपळा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, मी पण लिहितो. तेव्हा पुढचा प्रतिसाद घरातूनच.

रेघोट्या

नमस्कार, मी वरचा चित्रकार नवरा.

मला टेबल, दिवा आणि इंटरनेट पुरतं, त्यामुळे सगळे गृहीत धरतात की मी कुठेही राहू शकेन. तसं नाही. माझ्या पुस्तकांतला बाजार हा शिवाजी मंडईचा असतो, घाट कृष्णेचा असतो, म्हातारी माझी आत्या असते. जर्मन मुलांना ते आवडतं कारण ते कुठल्यातरी खऱ्या गावातलं आहे. ते रोज बघायला मिळालं नाही तर दोन-तीन वर्षांत माझी रेघ कोरडी पडेल अशी मला भीती वाटते. हे मी तिला अजून इतकं नीट सांगितलं नव्हतं.

आणि हिशेबनीसदादांच्या आकड्यांवरून एक गोष्ट उघड दिसतेय. मी युरोत कमावतो आणि सांगलीत खर्च करतो, त्यामुळेच आजवर तिच्या भट्टीचं वीजबिल भरता आलं. तिथे गेलो की युरोत कमावून युरोतच खर्च करणार. माझ्या बाजूने बघितलं तर स्वस्त गाव सांगलीच आहे. तिच्या बाजूने बघितलं तर सांगली फार महाग पडतेय, तिची वर्षं जातायत.

मग दोघांनी एकाच वेळी, एकाच ठिकाणी, कायमचं जायचं हे कोणी ठरवलं? विटेकर म्हणाले तसं एकाने आधी जावं. ती जाईल. मी, मुलगी आणि आई इथे. मुलीची शाळा, डबा, आईचं बीपी, सगळं मी बघतो. आजीबाईंनी विचारलेलं नाव माझं लिहा.

आजीचा_बटवा

लिहिलं बाळ.

स्प्रेकाठची_शाई

रेघोट्या, फार सुंदर. व्यवहाराचं सांगते. शेंगेनच्या (पोर्तुगालसह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक) अल्पकालीन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. तेवढ्यात कलाकारांसाठीचा एखादा निवासी कार्यक्रम सहज बसतो. यजमान कार्यशाळेचं पत्र घ्या, त्यात राहण्याची सोय आणि तारखा स्पष्ट हव्यात. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. नव्वदाच्या पुढे एकही दिवस राहू नका, पुढच्या अर्जाला नडतं.

नाट्यपंढरी

तीन महिन्यांत काय कळणार? पाहुणा म्हणून सगळीकडे छानच वाटतं.

तेजोकाठ

@नाट्यपंढरी, म्हणूनच जानेवारीत यावं. मे-जूनमध्ये आलेला प्रत्येक माणूस इथे घर घ्यायला निघतो. जानेवारी ते मार्च भिंतीला ओल असते, दुकानं लवकर बंद होतात, पर्यटक नसतात आणि ज्यांची कामं खरी आहेत तेच कार्यशाळेत भेटतात. त्या थंडीत चाकावर बसायची रोज इच्छा होतेय का ते बघा. शिवाय तुमची पुण्या-बेंगळुरूची प्रदर्शनं तोवर आटोपलेली असतील आणि पुराचा काळही नाही.

मातीकाम, काल्दासच्या एका सामाईक कार्यशाळेत माझी ओळख आहे. मिठाची भाजणी शहरात होत नाही, धूर होतो. त्यासाठी गावाबाहेर एकांची भट्टी आहे, हिवाळ्यात दोनदा पेटवतात. विचारून ठेवू का? निरोपातून तुमच्या कामाचे फोटो पाठवा, भांड्यांचे नकोत, तुम्ही स्वतःसाठी केलेल्या कामाचे.

मातीकाम

हो, विचारा! फोटो आज रात्रीच पाठवते. स्वतःसाठी केलेलं काम थोडं आहे, पण आहे.

हिशेबनीस

तीन महिन्यांच्या मुक्कामाने तुमचं निवासी भारतीय हे स्थान बदलत नाही, त्यामुळे करात काही फरक नाही. तिथे काही विकू नका, त्या व्हिसावर चालत नाही. कामं परत आणायची असतील तर यादी आणि फोटो जाताना-येताना सोबत ठेवा. अपोस्टिलची कागदपत्रं तरीही सुरू करा, पुढे डी-२ चा विचार झाला तर वर्ष वाचेल.

वारणेचा_वारा

ताई, भडंगाची पाच पाकिटं माझ्याकडून. दोन तेजोकाठताईंना द्या, यादोगोपाळ पेठ सोडून लय दिवस झालेत त्यांना.

तेजोकाठ

पाचही मलाच द्या. मातीकाम, येताना घट्ट विणीचे लोकरी मोजे आणि इथल्या प्लगला चालेल असं अडॅप्टर. ग्लेझच्या पुड्या विमानात नको, कस्टम्समध्ये उघडून बघतात. कृती लिहून आणा, ऑक्साइड इथे मिळतील.